चूप मॅडम आणि तीनशेची लाइन

मे महिन्यात, भर दुपारी, नागपुरात कूलर बंद करायला लावणारी व्यक्ती मी आयुष्यात एकच पाहिली. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ झालेलं, खिडकीच्या गजाला हात लागला तर चटका बसायचा, आणि आमच्या खोलीत मॅडम कूलरचं बटण दाबून, ओठांवर बोट ठेवून उभ्या असायच्या. मग पंखा बंद. मग दाराबाहेर चपराशी उभा. आम्ही तीन-चार जण घामाने निथळत एका टेलिफोनकडे बघत बसायचो. त्याचा रिसीव्हर एका पेटीवरच्या रबराच्या दोन वाट्यांमध्ये पालथा घातलेला असायचा आणि त्यातून बारीक किरकिर ऐकू यायची. कोणी खोकलं तरी मॅडम अशा बघायच्या की खोकणाऱ्याला दुसऱ्यांदा खोकला येत नसे. रुग्णालयात त्यांचं नाव ‘चूप मॅडम’ पडलं ते यामुळेच.

आमचं रुग्णालय कॅन्सरचं. मी तिथे कोबाल्ट मशीन चालवणारी तंत्रज्ञ होते. रेडिएशनला आमच्याकडे सगळे ‘शेक’ म्हणत. कोणत्या रोग्याला शेक कोणत्या बाजूने, किती आणि किती वेळ द्यायचा, याचं गणित करणं हे मॅडमचं काम आणि ते गणित मशीनवर उतरवणं हे माझं. सोपं गणित त्या कागदावर सकाळच्या चहाबरोबर करून टाकत. अवघड जागेच्या गाठीला मात्र दिवस जात. शेजारी डोळा असेल, मज्जारज्जू असेल, तर प्रत्येक बिंदूवर किती शेक पोचतो ते वेगवेगळं काढावं लागे. मुंबईच्या एका मोठ्या संस्थेत हे करणारा संगणक होता. ऐंशीच्या दशकात कधीतरी ठरलं की नागपूरहून रोग्याची मापं टेलिफोनच्या तारेवरून त्या संगणकाला धाडायची आणि उत्तर तारेवरूनच परत घ्यायचं. मंगळवार आणि शुक्रवार दुपार आमच्या वाट्याला आली. त्यासाठी ती रबरी वाट्यांची पेटी आली. तिला मोडेम म्हणायचं, हे आम्हाला मॅडमनीच शिकवलं.

त्या पेटीचं असं होतं की ती कानाने ऐकायची. फोनमधून येणारा आवाज ऐकून त्याची अक्षरं करायची आणि शेजारचं यंत्र ती कागदावर छापायचं. त्यामुळे खोलीतला कोणताही आवाज तिला अक्षरच वाटायचा. कूलरच्या घरघरीने आकड्यांच्या मध्येच कंस उमटायचे. एकदा खालून लग्नाची वरात गेली तर कागदावर पूर्ण पानभर चित्रविचित्र खुणा आल्या. मॅडमनी तो कागद फाडून घडी घातली आणि म्हणाल्या, “घ्या. बँडवाल्याइनं पेशंटचं गणित करून देल्लं.”

मॅडम पूर्व नागपुरातल्या. वडील कापडाच्या गिरणीत होते. छप्पन साली त्यांनी दीक्षा घेतली तेव्हा मॅडम त्यांच्या खांद्यावर बसून मैदानात गेल्या होत्या, एवढंच त्यांना आठवायचं. पुढे शिष्यवृत्तीवर एम.एस्सी. झाल्या, मुंबईला जाऊन रेडिएशनचं शिकल्या आणि नागपूरलाच परत आल्या. सक्करदऱ्याला धाकट्या भावाकडे राहत. डॉक्टरांशी त्या शुद्ध मराठीत बोलत, अर्ज इंग्रजीत लिहीत आणि चिडल्या की थेट घरच्या बोलीवर येत. त्या काळात त्या इतक्या वेळा चिडल्या की मला त्यांची तीच बोली जास्त लक्षात आहे.

चिडायला कारणंही तशीच होती. थेट मुंबईला फोन लावायची सोय आमच्या रुग्णालयाला मिळालेली नव्हती. ट्रंक कॉल बुक करायचा आणि वाट पाहायची. अर्जंट लावला तरी संगणकाची आमची वेळ निम्मी संपल्यावर घंटी वाजायची. लागला की मॅडम रिसीव्हर झटकन वाट्यांत बसवत, आकडे कागदावर उमटायला लागत आणि बरोबर तीन मिनिटांनी ऑपरेटर बाई मध्येच येऊन म्हणत, “तीन मिनिटं झाली, वाढवू का?” तेवढ्या एका वाक्यात दोन-तीन ओळी वाहून जात.

“ताई, मधात बोलू नका न,” मॅडम फोनवर काकुळतीला येत. “तुमच्या एका हॅलोनं माही अख्खी ओळ मरते.”

“नियम आहे मॅडम. विचारावं लागतं.”

“मंग न विचारता वाढवा.”

“न विचारता वाढवता येत नाही.”

शेवटी एके दिवशी मॅडम स्वतः टेलिफोन एक्सचेंजमध्ये गेल्या आणि मलाही बरोबर नेलं. हातात बिघडलेला कागद होता. ऑपरेटरांच्या खोलीत जाऊन त्यांनी तो टेबलावर पसरला आणि एका ठिकाणी बोट ठेवलं. आकड्यांच्या मध्ये तिथे स्वल्पविराम, कंस आणि कसलेकसले अक्षरांचे तुकडे होते. “हे पाहा, हे तुमचं ‘वाढवू का’,” त्या म्हणाल्या. “आणि हे जे आकडे खाल्ले गेले न, ते एका बाईच्या गर्भाशयाच्या गाठीचे होते.” ऑपरेटर बायका आधी हसल्या, मग कागदावर वाकल्या. त्यातल्या एकीने तेव्हापासून आमच्या कॉलमध्ये तोंड घातलं नाही. पण तिची पाळी नेहमी आमच्या वेळी नसायची, त्यामुळे महिन्यातले निम्मे दिवस पुन्हा तेच.

मॅडमची दुसरी सवय म्हणजे प्रत्येक उत्तर दोनदा मागवायचं. एकदा आलेला कागद त्या मानायच्याच नाहीत. पुन्हा फोन, पुन्हा वाट बघणं, पुन्हा कूलर बंद. मग दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावत आणि उजेडात एकेक आकडा जुळवत. माझ्यासारखीला ते फार जिवावर यायचं. एकदा मी म्हटलं, “मॅडम, पहिलाच कागद इतका स्वच्छ आलाय. बरोबरच असेल.”

“असेल, का हाये?” त्यांनी विचारलं.

हा प्रश्न त्या सगळ्यांना विचारत. औषधाच्या दुकानदाराला, रिक्षावाल्याला, मोठ्या डॉक्टरांना. “येत असेल” म्हटलं की, “असेल, का येऊन राहिला?” लोकांना राग यायचा. मलाही यायचा.

तारेवरून आकडे येण्याचा वेग तीनशे बॉड होता. म्हणजे सेकंदाला तीस अक्षरं, वाचणाऱ्याचे डोळे आणि छापणारं यंत्र जवळजवळ बरोबर चालतील इतपत. एका रोग्याच्या गणिताची सहा-सात पानं असत. ती दोनदा घ्यायची म्हणजे दुपार गेली. आमचे संचालक याला फार वैतागले होते. मुंबईच्या बैठकीत त्यांना कोणीतरी विचारलं होतं की नागपूरचं केंद्र इतकं हळू का चालतं. त्यांनी खटपट करून नवा मोडेम मिळवला. याला रबरी वाट्या नव्हत्या, तार सरळ पेटीत जायची आणि वेग होता बाराशे. छोटासा समारंभ झाला, फीत कापली, पेढे वाटले. संचालक म्हणाले, “आता चौपट वेगाने काम होईल.” आमच्या दृष्टीने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कूलर पुन्हा सुरू झाला. मॅडमनीही त्याच्यासमोर खुर्ची ओढली आणि डोळे मिटून जरा वेळ बसल्या.

ते सुख फार टिकलं नाही. खोलीतला आवाज गेला, पण तारेतला आवाज तसाच होता. नागपूर ते मुंबई त्या तारेत खरखर, टकटक, कोणाचं तरी बोलणं, सगळं मिसळायचं. तीनशेवर ते निभायचं, बाराशेवर निभत नव्हतं. मॅडम मला समजावत, “वर्धा रोडवर स्कूटर पळवता येते वं. आपल्या गल्लीत, गड्ड्यातून, सायकलच बरी.” नव्या पेटीलाही तीनशेचं बटण होतं. मॅडम मुंबईला फोन करून तिकडची बाजूही तीनशेवर आणायला सांगत आणि गुपचूप जुन्याच वेगाने काम उरकत. संचालकांना हे कळलं तेव्हा ते आमच्या खोलीत आले.

“मॅडम, ही पेटी आपण कशासाठी आणली?”

“बाराशेवर दोन कागद जुळत नाहीत, सर.”

“मग एकच घ्या. इतर केंद्रं एकच घेतात.”

संचालक गेल्यावर मॅडमनी फोन उचलला आणि दुसरा कॉल बुक केला.

निनावे काका आमच्याकडे आले ते त्याच सुमारास. गांधीबागेत कापडाच्या दुकानांच्या ओळीत एका पायरीवर बसून ते रफू करत. फाटलेल्या शालूचा, कोटाचा धागा त्याच कापडातून काढून अशी जाळी भरत की फाटलं कुठे होतं ते सापडू नये. गालाच्या हाडामागे, डाव्या डोळ्याच्या अगदी खाली, त्यांना गाठ झाली होती. शस्त्रक्रियेत बरीच निघाली, उरलेल्यासाठी शेक द्यायचा होता. गाठीला पूर्ण द्यायचा आणि डोळ्याच्या नसेला जाळायचं नाही. हाताच्या गणितात नीट बसणारी ही जागा नव्हती. काका मोजकंच बोलत. त्यांची बायको रोज डबा घेऊन बाहेरच्या बाकावर बसे आणि मी दिसले की विचारी, “बाई, मुंबईचं काही आलं काय?”

मंगळवारी मापं धाडली. मुंबईत तीनशेची जोडणी त्या आठवड्यात दुसऱ्या केंद्राला दिलेली होती, बाराशेवरच घ्या म्हणाले. उत्तर आलं, दोनदा आलं. मॅडमनी कागद काचेला लावले. बहुतेक सगळं जुळत होतं. फक्त डोळ्याच्या नसेजवळच्या एका बिंदूवर पहिल्या कागदात चोवीस टक्के होते आणि दुसऱ्यात चौऱ्याऐंशी. तिसऱ्यांदा मागवलं तर त्या जागी आकडाच नव्हता, तीन टिंबं आणि एक कंस.

मोठे डॉक्टर आले. त्यांनी कागद बघितले आणि म्हणाले, “आजूबाजूचे सगळे आकडे वीस-पंचविसाच्या घरात आहेत. मध्येच चौऱ्याऐंशी कसे येतील? उघड आहे, चोवीसच आहेत.”

“चुकीचं अक्षर मशीनला कळायला पाहिजे होतं, सर,” मॅडम म्हणाल्या. “प्रत्येक अक्षर तारेवरून आठ ठिपक्यांनी येतं. एक ठिपका बिघडला तर कळतं. दोन एकदम बिघडले तर नाही कळत. आणि आठात आणि दोनात दोनच ठिपक्यांचा फरक आहे. म्हणून चोवीसचे चौऱ्याऐंशी होऊ शकतात. पण चौऱ्याऐंशीचे चोवीसही होऊ शकतात.”

“अहो, पण वैद्यकीय अनुभव म्हणून काही असतो की नाही?”

“असतो सर. पण नसेवर चौऱ्याऐंशी पडत असतील आणि आपण चोवीस समजून महिनाभर शेक दिला, तर त्यांचा डोळा जाईल. शुक्रवारपर्यंत थांबू.”

डॉक्टर चिडले, पण थांबले. शुक्रवारी सकाळी रुग्णालयासमोरचा रस्ता कशासाठी तरी खोदला आणि टेलिफोनची केबल तुटली. आमच्या अख्ख्या इमारतीत एकही फोन चालत नव्हता. मॅडम रिक्षा करून तक्रार नोंदवायला गेल्या. तिथल्या माणसाने सांगितलं की तक्रार नोंदवलेली आहे. दुरुस्ती कधी, असं विचारल्यावर म्हणाला, “होईल दोन-तीन दिवसांत.” मॅडम परत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उन्हाने आणि रागाने काळवंडला होता. काकांच्या डोळ्याखाली सूज दिसायला लागली होती. बायकोने त्या दिवशी मला काही विचारलं नाही.

शनिवार-रविवार मॅडमनी गणित हातानेच करायला घेतलं. आलेखाच्या कागदावर चेहऱ्याची आकृती, तिच्यावर पारदर्शक कागद, बाजूला माझ्याकडून वाचून घेतलेले तक्ते. सोमवारी त्यांनी काकांना समोर बसवलं. मी तिथेच होते.

“काका, हे गणित मी हातानं केलं. मुंबईच्या मशीनएवढं बारीक नाई होत ते. डोळा वाचवायचा म्हणून मी वरच्या कडेले शेक जरा कमी ठेवला हाये. म्हणजे तिथं गाठीचं काही उरू शकते. थांबलो तर बरोबर गणित येईल, पण गाठ थांबणार नाई. मी तुमाले दोन्ही सांगून राहिली.”

काकांनी विचारलं, “बाई, तुमी काय केलं असतं?”

“सुरू केलं असतं.”

“मंग करा.”

सुरू केलं. मशीनची खिडकी, म्हणजे शेक ज्यातून पडतो ती चौकट, काकांच्या गालावर जुळवताना मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, रोज. पुढच्या शुक्रवारी केबल जोडली गेली, तीनशेची जोडणीही मिळाली आणि उत्तर दोनदा, स्वच्छ आलं. आकडा चोवीस होता. मोठे डॉक्टर म्हणाले, “मी म्हटलं नव्हतं?”

“म्हटलं होतं, सर,” मॅडम म्हणाल्या. “पण तेव्हा आपल्याला माहीत नव्हतं.”

उरलेला शेक नव्या गणिताप्रमाणे दिला. काकांची गाठ दिसेनाशी झाली, डोळा राहिला, ते पुन्हा गांधीबागेच्या पायरीवर बसायला लागले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, निभलं. दोन वर्षांनी काका पुन्हा आले. गाठ परत आली होती, वरच्याच कडेला. या वेळी करण्यासारखं फार काही नव्हतं. दिवाळीच्या आधी ते गेले.

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. संध्याकाळी घरी निघताना मला म्हणाल्या, “सुलभा, मी डॉक्टराईचं आयकलं असतं तर आठ दिवस वाचले असते. वरच्या कडेलेही शेक पुरा बसला असता. त्यानं काका वाचले असते काय, हे मले माहीत नाई. कोणालेच नाई माहीत होत. एवढंच लय त्रास देते वं.”

मला वाटलं होतं, आता तरी त्या दोनदा मागवणं सोडतील. दुसऱ्याच मंगळवारी त्यांनी पुन्हा दोन कागद काचेला लावले. मी खालचा कोपरा धरला.

नेमकं त्याच वर्षी मुंबईहून पाहुणे येणार होते आणि संचालकांनी या टेलिफोनच्या प्रयोगाचा अहवाल मॅडमना लिहायला सांगितला. मॅडमनी जे झालं ते लिहिलं. किती कॉल लागले नाहीत, किती मध्येच तुटले, बाराशेवर काय बिघडतं, केबल किती दिवस बंद होती आणि त्यामुळे एका रोग्याचा शेक हाताच्या गणितावर कसा सुरू करावा लागला. संचालकांनी त्यांना बोलावून सांगितलं, “शेवटचा भाग काढा. आणि वेग चौपट झाला हे सुरुवातीला येऊ द्या.”

“वेग चौपट झाला, सर. काम चौपट नाही झालं.”

“मॅडम, हा अहवाल आहे, तक्रार नाही.”

त्यांनी काढलं नाही. संचालकांनी दुसऱ्याकडून नवा अहवाल लिहून घेतला. पाहुणे आले, जेवले, समाधानाने गेले. पुढच्या महिन्यात मॅडमची बदली झाली, त्याच इमारतीत, तळमजल्यावर. कर्मचाऱ्यांच्या खिशाला रेडिएशन मोजणारे बिल्ले असतात, ते गोळा करायचे आणि तपासायचे. हे काम कोणीही करू शकलं असतं. त्यांच्या जागी नवा मुलगा आला. हुशार होता, पण एकच कागद घ्यायचा, कारण त्याला तसं सांगितलेलं होतं. मॅडम दुपारच्या सुट्टीत वर येऊन माझ्याकडून रोग्यांची नावं ऐकत. कोणाचं काय चाललंय हे त्यांना माझ्याइतकंच ठाऊक असायचं. काचेपाशी मात्र त्या पुन्हा कधी उभ्या राहिल्या नाहीत.

दोनेक वर्षं त्यांनी तसं काढलं. मग अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवायची नोकरी धरली. निरोपसमारंभात संचालक म्हणाले की मॅडम कामात अत्यंत काटेकोर, फक्त थोड्या संथ होत्या. लोक हसले. मॅडमनी हार घेतला, आभार मानले आणि बसल्या.

जायच्या दिवशी मी त्यांना सोडायला बसस्टँडवर गेले. दुपारच्या जेवणाची सुट्टी होती, थोडी वाढवून घेतली होती. त्यांच्याबरोबर एक ट्रंक, एक वळकटी आणि भाचा, तो तिकीट काढायला गेलेला. अमरावतीची गाडी लागलेली होती.

“मॅडम, रागावून चालल्या काय?” मी विचारलं.

“राग कायचा? थकली वं मी.” मग एकदम म्हणाल्या, “त्या भंडाऱ्याच्या बाईचं आज मानेकडून काढून बाजूनं द्यायचं होतं न? मज्जारज्जूवरून हटवायचं होतं. हटवलं काय?”

“नाही अजून. तिचा नंबर दुपारचा आहे. तुम्हाला बसवून देते, मग जाऊन करते.”

“त्या पोट्ट्याले माहीत हाये काय, आज बदलायचं म्हणून?”

“कार्डावर लिहिलंय. बघितलं असेल त्याने.” बोलून गेल्यावर मीच थबकले.

मॅडमनी माझ्या हातातली त्यांची पिशवी काढून घेतली, खांद्याला धरून मला फाटकाच्या दिशेने वळवलं आणि म्हणाल्या, “मंग इथं काय करून राहिली? जाय.”

मी बाहेर येऊन पहिली दिसली ती सायकलरिक्षा केली. रुग्णालयात पोचले तेव्हा नव्या मुलाने त्या बाईला टेबलावर झोपवलेलं होतं आणि मशीन अजून तिच्या मानेवर रोखलेलं होतं. मी ते वळवलं, मापं पुन्हा घेतली, मग सुरू केलं. तिचा शेक संपल्यावर मी घड्याळाकडे बघितलं तेव्हा अमरावतीची गाडी केव्हाच सुटलेली होती.